डमी निवृत्ती

कारवाडी, ता. निफाड
८ डिसेंबर २००२

सौ. ताईस, निवृत्तीचा वाकून नमस्कार.

फोन घरात असताना पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. फोन आमच्या ओसरीवर आहे आणि ओसरीवर दिवसभर कोणी ना कोणी बसलेलं असतं. शिवाय हे तुझ्याशी तोंडाने बोलायची माझी हिंमत नाही. वाचून झालं की चुलीत घाल.

मंगलाला पाचवा महिना लागलाय. कुंदन आणि जीवन झाल्यावर आता बास, असं आमचं ठरलं होतं. पण ती म्हणते, मला मुलगी पाहिजे, या वेळी मुलगीच आहे. मूल नको असं ती म्हणत नाही आणि माझीही जीभ रेटत नाही. अडचण वेगळीच आहे. नवा कायदा आलाय. मागच्या वर्षीच्या सप्टेंबरनंतर ज्याला तिसरं मूल होईल त्याला ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही, त्याच्या बायकोलाही नाही. आणि मला पुढच्या निवडणुकीला उभं राहायचंय.

हसू नकोस. तीन निवडणुका मी डमी म्हणून अर्ज भरलाय. तुला देवळाली कॅम्पात राहून हे माहीत असायचं कारण नाही, म्हणून सांगतो. पॅनेलचा खरा उमेदवार एकच असतो. त्याचा अर्ज छाननीत उडाला तर पंचाईत नको म्हणून त्याच्यामागे आणखी एकाचा अर्ज भरून ठेवतात. तो आणखी एक म्हणजे मी. दाढी करायची, इस्त्रीचा सदरा घालायचा, दाखवतील तिथे सही करायची. खऱ्याचा अर्ज मंजूर झाला की माघारीच्या दिवशी जाऊन पुन्हा सही करायची आणि त्याच्या गळ्यात हार पडला की टाळ्या वाजवायच्या. आता गावात मला 'डमी निवृत्ती' म्हणतात. आपल्या आळीत निवृत्ती दोन आहेत ना, तर परवा दुकानदाराने माझ्या पोत्यावर खडूने तेच नाव लिहिलं. मी ते पोतं तसंच खांद्यावर घेऊन घरी आलो.

तर मागणं असं. मंगला बाळंतपणाला तुझ्याकडे येईल. दवाखान्यात नाव तिचं सांगायचं नाही, तुझं सांगायचं. कागदावर मूल तुझं आणि दाजींचं. वाढेल ते आमच्याकडेच. डमी अर्जासारखंच समज, काम झालं की माघार.

तुला मूल नाही, आणि तुझ्याकडेच हे मागतोय. तुला काय वाटेल याचा मी विचार केला नाही असं समजू नकोस. केला, आणि तरी लिहिलं.

तुझा
निवृत्ती


देवळाली कॅम्प
१९ डिसेंबर २००२

चि. निवृत्ती यास ताईचा आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटाही.

चुलीत घाल म्हणतोस, माझ्याकडे चूल कुठाय? गॅस आहे. पत्र कपाटात ठेवलंय.

डमी आम्हाला कॅम्पात कळत नाही म्हणे. अरे, तुझ्या दाजींची नोकरी सगळी डमीत गेली. तोफखान्याच्या स्टोअरमध्ये ते जे गोळे मोजून देतात-घेतात, त्यातले शिकाऊ पोरांचे गोळे डमीच. वजन तेवढंच, आकार तोच, फक्त उडत नाही. त्याला वेगळा रंग मारतात, म्हणजे कोणाची फसगत नको. साहेबलोक पत्ते खेळतात त्यातही एक डमी असतो, तो आपली पानं उघडी टाकून गप्प बसतो आणि त्याची पानं दुसराच खेळतो. येवल्याला पैठणी बघायला गेले होते, तिथे दुकानाच्या काचेत प्लास्टिकची बाई. ती पण डमी. तिच्या अंगावर साडी माझ्यापेक्षा चांगली बसली होती. आणि आमच्या मागच्या गल्लीत एकाने बारावीच्या पेपराला आपल्या जागी दुसरा बसवला, तो बसणारा पण डमी. एवढासा इंग्रजी शब्द, पण आपल्या लोकांनी त्याला केवढं राबवलंय बघ. आई व्हायचं काम तेवढं राहिलं होतं, ते तू दिलंस.

तुझं पत्र मी यांना वाचून दाखवलं. लग्नाला सोळा वर्षं झाली आमच्या. त्यांनी पत्र हातात घेऊन परत एकदा वाचलं. मग म्हणाले, "आपलं नाव लागतंय ना कागदाला, लागू दे." मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी उगाच दूध तापवायला गेले.

मंगलाला संक्रांत झाली की पाठव. गावात काय सांगायचं ते तू ठरव, तुझी जीभ त्यात तयार आहे. माझी अट एकच आहे. निवडणूक झाली, तुझी हौस फिटली, की कागद सरळ करायचा.

तुझी
ताई


देवळाली कॅम्प
४ मे २००३

चि. निवृत्तीस आशीर्वाद.

मुलगी झाली हे तुला फोनवर सांगितलंच. आठ दिवस झाले, तू आला नाहीस. गावात कोणी विचारेल, भाचीला बघायला एवढी घाई कशाला, म्हणून येत नाहीस हे मी मंगलाला सांगितलं. तिने मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

दवाखान्यातलं तुला सांगितलंच पाहिजे. खिडकीवर बाईने नाव विचारलं. मंगलाला कळा येत होत्या, ती बोलून गेली, "मं..." आणि मी पुढे होऊन म्हणाले, "शुभांगी. शुभांगी सोमनाथ." पुढे सगळा वेळ आतून नर्स ओरडत होती, "शुभांगी, जोर लाव. शुभांगी, रडू नकोस." मी बाहेर बाकावर. एकदा तर मी खरंच ओ दिली. शेजारी बसलेली म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. ओरडणं मंगलाचं आणि नाव माझं. माझ्या आयुष्यात मला कशाची एवढी लाज वाटली नव्हती, आणि तरी मी तिथून उठले नाही.

नाव सृष्टी ठेवलंय. मंगलाने सुचवलं. पोरगी दिवसभर रडते, म्हणून शेजारच्या सुभेदारीणबाईंनी चोखायला रबराचं बोंड आणून दिलं. त्या कुठे कुठे राहून आल्यात, त्यांचं इंग्रजी पक्कं. म्हणाल्या, विलायतेत यालाही डमीच म्हणतात. मंगलाने ते हातात घेऊन बघितलं आणि म्हणाली, "ताई, नको. रडू द्या तिला. मी घेते अंगावर."

जन्माचा दाखला आला की माझ्याकडेच ठेवणार आहे.

ताई


कारवाडी
२४ ऑगस्ट २००३

सौ. ताईस नमस्कार.

मंगला आणि बाळ सुखरूप पोचले. गावात सांगितलं की मंगलाचं सहाव्या महिन्यात खराब झालं, आणि तिकडे तुला देवाने इतक्या वर्षांनी दिलं, पण तुझी तब्येत धरेना म्हणून भाची मामीकडे वाढतेय. लोकांनी ऐकून घेतलं. ताई, गावाला सगळं कळतं, पण कागद दाखवला की ते गप्प बसतं.

कुंदन आणि जीवनला सांगून ठेवलंय, ही आत्याची. जीवन म्हणाला, मग हिचं नाक माझ्यासारखं कसं? मी त्याला एक लगावली. नंतर फार वाईट वाटलं.

पोरगी गोड आहे. माझं बोट धरते आणि सोडत नाही.

निवृत्ती


कारवाडी
२१ नोव्हेंबर २००५

सौ. ताईस नमस्कार.

तुला पेढे पोचले असतील. सरपंचपद बाईसाठी राखीव झालं म्हणून मला बसता आलं नाही, पण मंगला झाली, म्हणजे मीच झालो. ती सही करते, बाकी मी बघतो. बैठकीत तिच्या मागे खुर्ची टाकून बसतो आणि काय बोलायचं ते चिठ्ठीवर लिहून देतो. ज्यांच्यासाठी मी टाळ्या वाजवल्या ते आता मला रामराम घालतात.

पण गोरक्षने तक्रार केली. तो समोरच्या पॅनेलचा, पडला म्हणून चिडलाय. म्हणतो, मंगलाबाईंना तीन मुलं आहेत, सरपंचपद रद्द करा. जिल्हाधिकारी कचेरीत सुनावणी लागली आहे. मुलगी तुमची आहे असं तुझं आणि दाजींचं प्रतिज्ञापत्र लागेल, सोबत जन्मदाखला. तू फक्त एवढं कर. परत कधी काही मागणार नाही.

आणखी एक. चौकशीला कोणी घरी आलं तर घोटाळा नको म्हणून सृष्टीला शिकवतोय. अडीच वर्षांची आहे पण हुशार आहे. घरात दार लावलेलं असलं की आई-बाबा. दार उघडं असलं, कोणी आलं-गेलं असलं, की मामी-मामा. चार दिवसांत शिकली. चुकली नाही की मी खडीसाखर देतो.

निवृत्ती


देवळाली कॅम्प
१२ डिसेंबर २००५

चि. निवृत्तीस आशीर्वाद.

प्रतिज्ञापत्र दिलं. निकाल तुझ्या बाजूने लागला हे कळलं. अभिनंदन करायला हात उचलत नाही.

खडीसाखरेचं वाचून मी ते पत्र खाली ठेवलं आणि तासभर घर झाडत बसले. आधीच झाडलेलं होतं.

पण तुला शिव्या द्यायचा अधिकार मला उरलेला नाही. का, ते सांगते. नाशिकला कारकुनाने माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "बाई, मुलगी तुमचीच ना? पोटची?" मी म्हणाले, "हो, माझीच." निवृत्ती, मला ते बोलताना आनंद झाला. खोटं बोलायची भीती वाटायला हवी होती, ती वाटली नाही. हे पण शेजारी ताठ उभे होते, मुलीच्या बापासारखे. बाहेर आल्यावर आम्ही रसवंतीत रस प्यालो. तू समजतोस की ताईने उपकार केले. ताईला एकदा आई म्हणवून घ्यायचं होतं, कागदावर तर कागदावर. तुझ्या लबाडीत मी माझी हौस भागवून घेतली. हे लिहिताना माझी मान खाली आहे.

म्हणून अगदी खरं विचारते. तुम्हाला ती उघड आपली म्हणता येत नसेल तर मला देऊन टाक. इथे ती दिवसभर एकाच नावाने हाक मारेल. आणि देता येत नसेल तर निवडणूक झालीये, माझी अट आठव. दोन्हीपैकी काय ते कळव.

ताई


देवळाली कॅम्प
२० जून २००६

चि. निवृत्ती,

सहा महिने झाले, उत्तर नाही. फोन केला की तू शेतात असतोस. येणाऱ्या माणसाबरोबर सृष्टीला दोन फ्रॉक पाठवतेय. मापाचा अंदाज केलाय. आत्याने दिले म्हणून सांग, किंवा दार उघडं असेल तर आईने दिले म्हणून सांग. तुमच्याकडे कधी काय म्हणायचं ते मला नीट माहीत नाही.

ताई


कारवाडी
१९ ऑगस्ट २००७

ताई,

तुझ्या दोन पत्रांना मी उत्तर दिलं नाही. द्यायला तोंड नव्हतं. आजही नाही, पण दुसऱ्या कोणाला सांगू?

परवा पंधरा ऑगस्ट झाला. झेंडा सरपंचांच्या हस्ते. मंगला हिरवी साडी नेसून वर उभी, मी मागे. शाळेची पोरं रांगेत, पुढे अंगणवाडीची. सृष्टी आता अंगणवाडीत जाते. पंचायत समितीचे साहेब आले होते, गोरक्ष पहिल्या रांगेत. झेंडा वर गेला, फुलं पडली, आणि पोरगी हरखून रांग सोडून धावली. पायऱ्या चढून मंगलाच्या साडीला बिलगली आणि मोठ्याने म्हणाली, "आई, फुलं पडली."

गोरक्षने मान वर केली. मंगलाने खाली बघितलं, तिचा हात पोरीच्या डोक्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. मी बोललो. मागून, हसत, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "अगं, मामी म्हण, मामी. आई लय आठवती वाटतं पोरीला."

सृष्टीने माझ्याकडे बघितलं. रडली नाही. साडी सोडली, दोन पावलं मागे सरली आणि नीट म्हणाली, "मामी, फुलं पडली." मग रांगेत जाऊन उभी राहिली. लोक हसले, साहेबही हसले, म्हणाले, हुशार आहे मुलगी. नंतर मंगलाने सगळ्या पोरांना खाऊ वाटला. सृष्टीचा नंबर आला तेव्हा तिलाही एक पुडी दिली आणि पुढच्या पोराकडे वळली.

घरी आल्यावर मी दार लावलं आणि म्हणालो, ये, आता बाबा म्हण. ती म्हणाली, "नको मामा." त्या दिवसापासून दार लावलेलं असलं तरी ती मामा-मामीच म्हणते. मंगला दोन दिवस जेवली नाही. माझ्याशी तर बोलतच नाही.

मी तीन वेळा डमी झालो, ताई, लोकांनी मला काय काय म्हटलं. पण असं खाली पडल्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं.

निवृत्ती


देवळाली कॅम्प
२ सप्टेंबर २००७

निवृत्ती,

आशीर्वाद द्यायला आज हात होत नाही, रागावू नकोस.

तू डमी होतास ना, तर तुला माघारीची एक तारीख मिळायची. त्या दिवशी सही केली की तू पुन्हा निवृत्ती. या पोरीला तू तारीखच दिली नाहीस. तिने कधीपर्यंत हे करायचं? सरपंचकी संपेपर्यंत? मग पुढच्या वेळी तू उभा राहशील, तेव्हा काय?

मी इथून नाशिकला जाऊन सांगू शकते की मी खोटं बोलले. जाईनही. मला शिक्षा झाली तर होऊ दे, यांनाही मी विचारलंय, ते तयार आहेत. पण मी सांगून काय उपयोग? तिला तुझ्या तोंडून ऐकायला हवंय. ज्या लोकांसमोर तू तिला मामी म्हणायला लावलंस, त्याच लोकांसमोर.

मी तुझ्याकडे ती मागितली होती, ते मागणं मागे घेते. ती मंगलाची आहे. दवाखान्याच्या बाकावर बसून मी ऐकलंय, ती कोणाची आहे ते. जन्माचा दाखला माझ्या कपाटात आहे. दुरुस्त करायला घेऊन जा, पण तू स्वतः ये, माणूस पाठवू नकोस.

ताई


कारवाडी
२९ जानेवारी २००८

सौ. ताईस,

तू लिहिलंस त्यानंतर जवळजवळ पाच महिने मी रोज ठरवत होतो आणि रोज टाळत होतो. शेवटी मंगलाने केलं. मी केलं असं गावात कोणी सांगितलं तर खरं मानू नकोस.

सव्वीस जानेवारीची ग्रामसभा. पाणीयोजनेचा अहवाल मी लिहून दिला होता. ती उठली, कागद हातात घेतला आणि टेबलावर ठेवून दिला. म्हणाली, "हे वाचायच्या आधी एक सांगायचंय. सृष्टी माझी मुलगी हाय. माझ्या पोटची. मी खोटं सांगून या खुर्चीवर बसले. आज उतरते." आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला.

ग्रामसेवक लिहायचा थांबला. गोरक्ष माझ्याकडे वळून म्हणाला, "काय रे निवृत्ती, खरं हाय का हे?" आणि मी काय केलं ते तुला सांगतोय, कारण तुझ्यापासून लपवलं तर मग खरं सांगायला माणूसच उरणार नाही. मी म्हणालो, "बाईमाणूस हाय. तब्येत बरी नाय तिची."

मंगलाने माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं. मग ती खाली उतरली, अंगणवाडीच्या पोरांमधून सृष्टीला उचललं आणि भर रस्त्याने, सगळ्यांच्या देखत, तिला कडेवर घेऊन घरी निघाली. पाच वर्षांची होत आली पोरगी, पाय लोंबत होते.

ती वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा मी उठलो. म्हणालो, "ती खरं बोलली. खोटं मी बोललो, आत्ता बी आणि आधी बी. मुलगी आमची हाय." वाटलं होतं, लोक हसतील. कोणी हसलं नाही. गोरक्षने खाली बघितलं. हसले असते तर मला बरं वाटलं असतं.

मंगलाने राजीनामा दिला. वकील म्हणाले, खोट्या प्रतिज्ञापत्राचं प्रकरण होईल, तुम्हालाही बोलावतील. ताई, दाजींच्या नोकरीचा मी तेव्हा विचारच केला नव्हता. जे होईल ते सगळं माझ्यावर घेतो असं मी लेखी देणार आहे. रविवारी मी स्वतः येतोय, दाखला घ्यायला आणि दाजींच्या पाया पडायला. मंगलाही येते म्हणाली. माझ्याशी ती आता कामापुरतं बोलते. मला ते पुष्कळ आहे.

आज सकाळी ओसरीवर चार माणसं बसली होती. मी मुद्दाम त्यांच्यासमोर सृष्टीला हाक मारली. घरातलं दार सताड उघडं. म्हणालो, बाळ, आता सगळ्यांना माहीत झालंय. मला बाबा म्हण, मोठ्याने म्हण. तिने त्या चार माणसांकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझा हात धरून मला आत नेलं. दार लोटून घेतलं. कडीला हात पुरेना, म्हणून दाराला पाठ लावून उभी राहिली आणि अगदी हळू, मलाच ऐकू येईल असं म्हणाली, "बाबा."

आणि लगेच विचारलं, "मामा, आता दार उघडू का?"

तुझा
निवृत्ती